आईला घेऊन लान्सारोतेला: पाणी नसलेल्या बेटावरचे सहा दिवस

दरवर्षी मे महिन्यात आई लातूरचा उन्हाळा टाळायला आमच्याकडे फ्रँकफर्टला येते. यंदा तिने येतानाच सांगितलं होतं, "एकदा नीट समुद्र दाखव, बाकी काही नको." थेट विमान मिळालं म्हणून मी कॅनरी बेटांपैकी लान्सारोते निवडलं. ही बेटं स्पेनची, त्यामुळे आईचा शेंगेन व्हिसा चालला, पण नकाशात पाहिलं तर युरोप लांब आणि आफ्रिकेचा किनारा जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. पाण्याचा विचार माझ्या मनात अजिबात नव्हता. मला सुट्टी हवी होती आणि आईला समुद्र.

पहिला दिवस: उतरलो

विमान खाली येऊ लागलं तशी आई खिडकीला चिकटली. खाली तपकिरी डोंगर, त्यात मधेमधे कोळशासारखे काळे पट्टे आणि पांढऱ्या घरांचे ठिपके. झाड म्हणावं असं काही नाही. "अगं, हे तर आपल्यापेक्षा कोरडं दिसायलंय," ती म्हणाली.

आहेच. लातूरला सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी आम्ही टंचाई भोगतो. इथे वर्षाला 150 मिलिमीटरच्या आसपास, कितीतरी वर्षी त्याहून कमी. नदी नाही, बारमाही ओढा नाही. राहणारी माणसं दीड लाखाच्या थोडी वर आणि वर्षाला येणारे पर्यटक 30 लाखांच्या घरात.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांऐवजी बेटाच्या मध्यावर, एका खेड्यातल्या जुन्या घराच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, त्यांना फक्त स्पॅनिश येतं. इंग्रजी बोलणारा त्यांचा नातू संध्याकाळी कामावरून यायचा. ओट्यावर आमच्यासाठी पाण्याची आठ लिटरची बाटली ठेवलेली. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, पण त्याची चव बऱ्याच जणांना रुचत नाही म्हणून घरोघरी या बाटल्या. दुकानात पाच आणि आठ लिटरच्या मिळतात, लहान बाटल्या घेऊन प्लास्टिकचा ढीग करू नका.

वारा इतका की आईचा पदर सांभाळताना पुरेवाट. पातळ विंडचीटर आणि कानांना रुमाल हवाच, मे महिन्यातसुद्धा.

दुसरा दिवस: ला हेरियाची आळी

सकाळी गाडी घेऊन ला हेरियाला गेलो. इथली बस, जिला हे लोक 'ग्वाग्वा' म्हणतात, मोठ्या गावांना जोडते. अशा आडवाटांना भाड्याची गाडीच बरी.

रस्ता वळला आणि दोन्ही बाजूंना काळ्या राखेचे उतार आले. त्या उतारांवर नजर पोचेल तिथवर गोल खड्डे, प्रत्येक खड्ड्याच्या काठावर वाऱ्याच्या बाजूने दगडांची अर्धगोल भिंत आणि तळाशी एकच द्राक्षवेल, हिरवीगार. आई गाडीतूनच म्हणाली, "एवढं मोठं आळं! एका वेलाला एक आळं!"

तिने त्याला आळं म्हटलं आणि मला ते दृश्य एकदम कळलं. झाडाच्या बुडाशी पाणी राहावं म्हणून आपण जे करतो तेच, फक्त माणूसभर खोल आणि काही खड्डे त्याहूनही मोठे.

यामागे मोठं संकट आहे. 1 सप्टेंबर 1730 ला इथली जमीन फाटली आणि 1736 च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं, ज्वालामुखी धुमसत राहिले. यायसा गावच्या पाद्रीबाबांनी सुरुवातीच्या काळाची टिपणं लिहून ठेवली आहेत. गावंच्या गावं गाडली गेली, बेटावरची सगळ्यात चांगली गव्हाची जमीन लाव्ह्याखाली आणि राखेखाली गेली. मग उरलेल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की जिथे राखेचा थर आहे तिथे खालची माती ओली राहते. या खड्यासारख्या जाड राखेला इथे 'रोफे' म्हणतात. पडलेला थोडका पाऊस ती झटकन आत घेते, रात्रीचं दवही धरते आणि वर आच्छादन होऊन बाष्पीभवन रोखते. जिथे थर जाड होता तिथे मुळं जुन्या मातीला टेकावीत म्हणून खड्डे खणले. पुढे जिथे राख पडली नव्हती तिथे ती मुद्दाम आणून पसरली आणि त्यात कांदे, रताळी, मसूर काढले.

एक शेतकरी रस्त्यालगतच्या वेलांवर गंधकाची भुकटी मारत होता. आई थेट त्याच्याशी मराठीत बोलायला लागली. द्राक्षांवर गंधक तिच्या ओळखीचं होतं, "भुरी पडली का?" असं तिने विचारलं आणि पानाकडे बोट दाखवलं. त्याला शब्द कळला नाही, प्रश्न कळला. तो हसला, मग वाकून त्याने हाताने राख बाजूला केली. वरचा थर तापलेला, कोरडा. वीतभर खाली गेल्यावर त्याने आईचा हात धरून आत ठेवला.

"ओल आहे," आई म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मे महिन्यात ओल आहे, गं."

इथे शेवटचा चांगला पाऊस हिवाळ्यात झाला होता. त्या शेतकऱ्याने राख परत जागेवर सारली आणि तळहाताने दाबून बसवली. तेवढी जागासुद्धा उघडी ठेवायची नाही. म्हणूनच सांगते, या आळ्यांमध्ये फोटोसाठी उतरू नका. दगडी वाट असेल तिथेच चाला. राख किंवा दगड पिशवीत घालून नेणंही गुन्हा आहे.

दुपारी मोसागाजवळ शेतकऱ्यांच्या स्मारकापाशी थांबलो. 15 मीटर उंचीचं पांढरं, चौकोनी ठोकळ्यांचं शिल्प. 1968 मध्ये सेसार मानरिके या इथल्याच चित्रकाराने ते उभं केलं आणि नाव दिलं 'सुपीकता'. जवळ गेल्यावर कळतं की ते ठोकळे म्हणजे बोटींवरच्या पाण्याच्या जुन्या टाक्या आहेत. या बेटावर शेतकऱ्याचं स्मारक दुसऱ्या कशाचं करणार? मी बराच वेळ त्याच्याखाली उभी होते.

जेवायला 'पापास आरुगादास', म्हणजे सालीसकट उकडलेले लहान बटाटे. अगदी खारट पाण्यात, पूर्वी चक्क समुद्राच्या पाण्यात, पाणी आटेपर्यंत उकडतात. साल सुरकुतते आणि वर मिठाचा पांढरा थर येतो. गोडं पाणी वाचवून केलेला पदार्थ आहे हा. सोबत 'मोहो' नावाची चटणी, हिरवी कोथिंबिरीची आणि लाल मिरचीची. आईने हिरवी दोनदा मागितली. शाकाहारी असाल तर मसुराची आमटी मागवताना 'सिन कार्ने, सिन पेस्कादो' असं स्पष्ट सांगा, नाहीतर आत मांसाचे तुकडे निघतात.

संध्याकाळी परत आलो, आई अंघोळीला गेली आणि अर्ध्यात नळ बंद झाला.

तिसरा दिवस: घराखालचं पाणी

रात्री नातवाने सांगितलं की गावातलं पाणी गेलंय, दुरुस्ती चालू आहे, कधी येईल सांगता येत नाही. असं अधूनमधून होतं. समुद्राचं पाणी एवढा खर्च करून गोडं करायचं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास जुन्या वाहिन्यांतून जमिनीत गळून जायचं, ही बेटावरची जुनी तक्रार आहे. तो चिडूनच बोलत होता. मलाही वाईट वाटलं, कारण या पाण्याला किती वीज लागते ते मी नुकतंच वाचलं होतं. समुद्राचं पाणी प्रचंड दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात. शंभर लिटर घेतलं तर चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडं मिळतं, उरलेलं जास्त खारट होऊन समुद्रात परत जातं. हजार लिटरला साधारण तीन-चार युनिट वीज. आणि या बेटाची बरीचशी वीज बाहेरून आणलेलं तेल जाळूनच होते.

सकाळी मात्र अंगणात वेगळाच कार्यक्रम होता. मालकीणबाईंनी अंगणाच्या कोपऱ्यातलं लाकडी झाकण उघडलं आणि दोराला बांधलेली बादली आत सोडली. आई धावतच गेली.

"हितं आड आहे!"

आड नव्हता, तो होता 'अल्हिबे', जमिनीखालचा हौद. नाव अरबीतून आलेलं. इथल्या जुन्या घरांचं सगळं बांधकाम त्याच्याभोवती फिरतं. सपाट गच्च्यांना चुना फासलेला, त्यांना किंचित उतार, पन्हळीतून पाणी अंगणात, अंगणाच्या उतारावरून एका छोट्या खड्ड्यात आणि तिथे गाळ बसला की मग हौदात. पहिल्या पावसाचं पाणी आत घ्यायचं नाही, ते गच्ची धुऊन जाऊ द्यायचं. शेतातही असे पांढरे उतार बांधलेले असतात, त्याखाली असेच हौद. आता बऱ्याच जणांनी हौद बुजवले किंवा त्यात नळाचं नाहीतर टँकरचं पाणी भरून ठेवतात. मालकीणबाईंनी मात्र पावसाच्या पाण्याचा आपला हौद अजून जपला आहे.

दोघींनी मिळून चार बादल्या शेंदल्या. एकीला मराठी, एकीला स्पॅनिश, पण दोराला झोका देऊन बादली तिरपी कशी करायची यावर दोघींचं एकमत होतं. भांडी विसळलेलं पाणी आईने सवयीने टोपात धरलं आणि अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं. मालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि आईसाठी गोफियोची वाटी घेऊन आल्या.

गोफियो म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. आईने चिमूट जिभेवर ठेवली आणि लगेच म्हणाली, "सातूचं पीठ आहे हे." पाण्यात साखर घालून तिने कालवून दाखवलं, मालकीणबाईंनी केळं आणि मध घालून मळून दाखवलं. आमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांना तिखट लागली, पण त्यांनी संपवली.

ओसरीत एक जाळीचं लाकडी कपाट होतं, मी आदल्या दिवशी त्याच्यासमोरून दहादा गेले होते. त्यात वरच्या फळीवर सच्छिद्र दगडाची खोलगट कुंडी, खाली मातीचा रांजण. कुंडीत हौदाचं पाणी ओतायचं, ते दगडातून पाझरून थेंब थेंब रांजणात पडतं. दगडाच्या कडांना नाजूक हिरवा नेचा लोंबत होता, आपला हंसराज. ते रांजणातलं पाणी त्यांनी आम्हाला पेल्यात दिलं. थंडगार होतं. बाटलीतलं पाणी त्यानंतर आईने घेतलं नाही.

त्या दिवशी नातू घरीच होता, त्याच्या मदतीने मालकीणबाई बोलत्या झाल्या. त्यांच्या लहानपणी पाऊस चुकला की हौद आटायचे. मग ग्रान कनारिया आणि तेनेरीफे या कॅनरीतल्याच मोठ्या बेटांहून आरेसिफे बंदरात जहाजाने पाणी यायचं, कधी नौदलाच्या जहाजांनी. बंदरावर रांगा लागायच्या. खेड्यांत उंटांवर पिंपं लादून पाणी न्यायचे. त्यांच्या आईने सांगितलेलं माप त्यांना अजून पाठ होतं: आधी माणसं, मग उंट, मग शेळ्या, कपडे सगळ्यात शेवटी.

नातू भाषांतर करत होता आणि मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती म्हणाली, "त्यांना आपल्या रेल्वेचं सांग."

मी सांगितलं. 2016 च्या एप्रिलमध्ये धनेगावचं धरण कोरडं पडलेलं असताना मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. नाव 'जलदूत'. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. मी तेव्हा जर्मनीत होते आणि आई रोज फोनवर सांगायची की आज किती घागरी मिळाल्या. मालकीणबाईंनी नातवाकडून दोनदा खात्री करून घेतली की आपण ऐकतोय ते रेल्वेच. मग त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

त्या सतरा वर्षांच्या असताना, 1964 मध्ये, आरेसिफेत समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आलं. मानुएल दियास रिहो नावाच्या इथल्याच मातीतल्या अभियंत्याने ते आणलं. शहराला असं पाणी पुरवणारं युरोपातलं ते पहिलंच. तेव्हा पाणी उकळवून त्याची वाफ थंड करायचे, पडद्यांची पद्धत नंतर आली. आजच्या मोठ्या प्रकल्पाला दियास रिहो यांचंच नाव आहे. त्या पाण्यावरच हॉटेलं उभी राहिली, त्यावरच बेट गरिबीतून वर आलं. मालकीणबाई म्हणाल्या की पहिल्यांदा घरात नळ आला तेव्हा त्यांच्या वडिलांनी तो उघडला, बघितला आणि लगेच बंद केला. मग आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही.

दुपारी उशिरा तिमानफाया राष्ट्रीय उद्यानात गेलो. शक्यतो सकाळी लवकर जा, आम्ही तासभर गाड्यांच्या रांगेत होतो. वाहनतळाच्या पुढे, ज्वालामुखींच्या भागात स्वतःची गाडी नेता येत नाही, तिकिटातच बसची फेरी असते. जमीन अजून इतकी तापलेली आहे की नळीत बादलीभर पाणी ओतलं की क्षणात वाफेचं कारंजं उसळतं. लोक टाळ्या वाजवत होते. आईने विचारलं, "दिवसभरात किती बादल्या ओततात?" मला आकडा माहीत नव्हता. सकाळची शेंदलेली बादली माझ्याही डोळ्यासमोर होती.

परतलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं.

चौथा दिवस: उत्तरेकडे

तेगिसे ही बेटाची जुनी राजधानी. रविवारचा बाजार टाळून आम्ही आडवारी गेलो, त्यामुळे गल्ल्या मोकळ्या मिळाल्या. इथे पूर्वी 'मारेता' होती, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं मोठं उघडं तळं. दुष्काळात साऱ्या बेटाचा आधार. नळाचं पाणी आल्यावर ते काढून टाकलं. मला हे फार लागलं. यंत्र आलं म्हणून तळं मोडायचं, ही चूक आपल्याकडच्या गावांनीही आड बुजवून केली आहे.

हामेओस देल आग्वा ही लाव्ह्याची गुहा, तिचा बगिचा मानरिकेने केला आहे. आतल्या खाऱ्या डोहात नखाएवढे पांढरे, आंधळे खेकडे असतात. पाण्यात नाणी टाकू नका, धातूने ते मरतात. पाटी लावलेली आहे, तरी माझ्यासमोर एकाने खिशात हात घातला होता.

फामाराच्या कड्यावर ढग बघायला मिळाले. ते समुद्रावरून येत होते आणि बरेचसे आमच्या डोक्यावरून निघून जात होते. तेनेरीफेचे डोंगर उंच, तिथे हेच ढग अडतात आणि जंगलं पोसतात. लान्सारोतेचं सर्वात उंच टोक 670 मीटरचं. याच कड्याच्या पोटात बोगदे खणून झिरपणारं पाणी गोळा करायचा प्रयत्न झाला होता. मिळालं ते मचूळ आणि थोडं. आई कठड्याला टेकून ढगांकडे बघत राहिली. जूनमध्ये लातूरवरून जाणारे ढग ती अशाच नजरेने बघते.

पाचवा दिवस: ला ग्रासिओसा

लान्सारोतेच्या उत्तर टोकाच्या ओर्सोला बंदरातून या शेजारच्या छोट्या बेटावर बोटीने अर्धा तास. जायची फेरी हलते, पोट नाजूक असेल त्यांनी आधी गोळी घ्यावी. बेटावर डांबरी रस्ता नाही, कालेता दे सेबो गावात वाळूच्याच गल्ल्या. सातशेच्या आसपास वस्ती.

इथलं पाणी समुद्राखालच्या नळाने लान्सारोतेहून येतं. त्याआधी माणसं होडीने समोरच्या कड्याच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावर जायची. बायका डोक्यावर माशांच्या टोपल्या घेऊन तो सरळसोट कडा चढायच्या, वरच्या गावांत मासे देऊन भाजी-धान्य घेऊन उतरायच्या. ती वाट समोर दिसते. आईने तिच्याकडे बघून विचारलं, "अनवाणी?" बहुतेक अनवाणीच.

आईने इथे पाय समुद्रात सोडले. तासभर बसली होती. मी तिला काही विचारलं नाही.

सहावा दिवस: मिठागर आणि परत

सकाळी किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या भागातून गेलो. हिरवळी, कारंजी, एकेका हॉटेलाला तीन तीन तलाव. काही मोठ्या हॉटेलांची पाणी गोडं करायची स्वतःची यंत्रं आहेत, त्यामुळे गावात नळ कोरडा असला तरी तिथे कळतही नाही. पर्यटकांवर बेट जगतं हे खरंच आहे. पण जिथे जाल तिथे टॉवेल रोज बदलू देऊ नका, टबऐवजी शॉवर घ्या आणि जमलं तर एखाद्या खेड्यात राहा.

दुपारी हानुबिओची मिठागरं. काळ्या लाव्ह्याच्या मधोमध गुलाबी-पांढरे चौकोन. 1895 पासूनची, तेव्हा समुद्राचं पाणी पवनचक्कीने वर उचलायचे. पाणी सोडून मीठ घ्यायचं ठिकाण. एक पुडी घेतली.

निघताना मालकीणबाईंनी आईला हंसराजाचं एक रोप कागदात गुंडाळून द्यायला काढलं. विमानातून नेता येणार नाही, असं नातवाने समजावल्यावर त्यांनी ते परत दगडाच्या कडेला खोचलं आणि दोघी एकमेकींना मिठी मारून उभ्या राहिल्या.

आई जूनच्या पहिल्या आठवड्यात लातूरला परतली. पाऊस आला नव्हता. दहा दिवसांनी तिने फोटो पाठवला: गच्चीवरच्या तुळशीची आणि जास्वंदीच्या चार कुंड्यांची माती विटांच्या चुऱ्याने बोटभर झाकलेली. खाली निरोप होता: "तिसऱ्या दिवशी पाणी घातलं तरी पुरायलंय. चुरा बाजूला करून बघितला, ओल आहे. लगेच परत झाकला."